ओस्मारिनोचा ओठ

झुरुआ नदीच्या तोंडाशी सरकारी दवाखान्याची बोट नांगरून उभी होती आणि तिच्यावर दातांचा डॉक्टर होता, एवढ्या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं घडलं. आमचा तांडेल ओस्मारिनो. त्याची अक्कलदाढ तेफे शहराहून निघाल्यापासून ठणकत होती. गालाला फडकं बांधून त्यानं आदल्या दिवसापासून बोट हाकली होती. गुरुवारी दुपारी बारा वाजता त्यानं ती सरळ दवाखान्याच्या बोटीला नेऊन भिडवली. आम्ही पासष्ट प्रवासी आपापल्या टांगलेल्या झोळ्यांत पडून राहिलो. अर्ध्या तासानं तो परत आला तेव्हा दाढ त्याच्या खिशात होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. दोन दिवस बोलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. डॉक्टर परगावचा होता, त्याला काय कल्पना. ओस्मारिनो त्याआधीची बावीस वर्षंही बोलला नव्हता.

बोलायची त्याला गरजच पडली नव्हती. आमच्याकडे बोटीवर कोणी बोट दाखवत नाही. हात कामात असतात. एका हातात वल्हं, दुसऱ्यात मासा किंवा मूल. दिशा दाखवायची ती ओठानं. अंतरही ओठानंच. खालचा ओठ नुसता हलला, तर समजायचं की ते ठिकाण ह्या झाडामागं आहे. ओठ पुढं आला, तर पाच-सहा वळणं. त्याचा चांगला चंबू झाला, तर एक मुक्काम. आणि ओठ पार बाहेर येऊन, डोळे मिटून, मान मागं गेली, तर समजायचं की सोबत कंदाचा भरडा बांधून घ्यावा आणि घरच्यांचा निरोपही घ्यावा. नकाशे आमच्याकडे चालत नाहीत, कारण नदी दर वर्षी कूस बदलते. गेल्या साली जिथं वळण होतं तिथं यंदा तळं असतं, आणि जिथं तळं होतं तिथं कोणाची तरी गाय चरत असते. ओठ मात्र चुकत नाही. ओस्मारिनोचा तर कधीच नाही. झुरुआवर लोक म्हणायचे, ओठात एक अन् पोटात एक असं ज्याचं नाही असा एकच माणूस, ओस्मारिनो. कारण त्याच्या पोटात काय आहे ते कोणी ऐकलेलंच नाही.

बोटीचं नाव ‘पासिएन्सिया’, म्हणजे धीर. मालकीण दोना देउझुइता; आमच्याकडे दोना म्हणजे बाई, सेऊ म्हणजे राव. स्वयंपाकही तीच करायची, म्हणून बोटीवर तिच्याशी कोणी भांडत नसे.

आता अनाक्लेतोबद्दल.

सेऊ अनाक्लेतो तेफेचा, सत्तावन्न वर्षांचा, होड्यांना लावतात ती लांब दांड्याची इंजिनं दुरुस्त करणारा. माणूस सज्जन, पण तोंडातून शब्द निघायचा म्हणजे तळाशी बसलेला नांगर वर ओढायचा. तीन वर्षांपूर्वी सोसेगो नावाच्या गावची दोना इझोलिना, ही विधवा बाई, डोळे दाखवायला तेफेला आली होती. परत जाताना तिच्या होडीचं इंजिन बंद पडलं. अनाक्लेतोनं ते नीट करून दिलं. दुसऱ्या वर्षी डोळे बरे होते, तरी इंजिन बिघडलं आणि ती दोन दिवसांचा प्रवास करून ते घेऊन आली. तिसऱ्या वर्षीही तेच. तेफेच्या धक्क्यावर सगळ्यांना कळलं होतं की हे इंजिन कोणत्या रोगानं आजारी पडतं. अनाक्लेतो इंजिन उघडायचा, बंद करायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, “चालेल आता.” पुढं काही नाही.

मग तिनं रेडिओवर निरोप दिला.

तेव्हा मोबाइल आलेले नव्हते. नदीकाठच्या माणसानं दुसऱ्या माणसाला काही कळवायचं, तर तेफेच्या रेडिओला चिठ्ठी यायची, आणि ती मी वाचायचो. एकतीस वर्षं वाचल्या. बारशी, मयती, हरवलेली डुकरं, परत या माफ केलंय, परत येऊ नका. निरोप एका माणसाला असायचा आणि ऐकायची अख्खी नदी. इझोलिनाचा निरोप असा होता:

“सोसेगोच्या दोना इझोलिना तेफेच्या सेऊ अनाक्लेतोंना कळवतात की इंजिन ठीक आहे. मुलगी मानाउसला कायमचं राहायला बोलावते. शनिवारी दुपारी बारा वाजता खाली जाणारी बोट निघेल. तोवर मी घरी आहे.”

नियमाप्रमाणे तो तीनदा वाचायचा. सकाळी वाचला. दुपारी वाचला. संध्याकाळी वाचला, तेव्हा शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, “ऐकताय ना, अनाक्लेतो?” निरोपात स्वतःची भर घालायची नाही असा नियम आहे. तो माझा नोकरीतला शेवटचाच आठवडा होता, म्हणून रेडिओच्या साहेबांनी काही केलं नाही, फक्त निरोप समारंभाचा केक लहान आणला.

मी ‘पासिएन्सिया’वर का चढलो, तर एकतीस वर्षांत वाचलेल्या एकाही निरोपाचं पुढं काय झालं ते मला माहीत नव्हतं. रेडिओ एका बाजूनंच बोलतो. म्हटलं, एकाचं तरी बघावं.

बुधवारी अनाक्लेतो बोटीवर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर कागदात बांधलेलं मोठं गाठोडं होतं. त्यात काय आहे ते कोणी विचारलं नाही, कारण ते त्यानं भर बाजारात विकत घेतलं होतं: पांढरी, झालरीची, दोन माणसांची जोडझोळी. तिच्याकडं न बघता तो आपल्या जुन्या, विरलेल्या, एका माणसाच्या झोळीत झोपायचा.

पहिल्याच दिवशी दोना देउझुइतानं त्याला माशाच्या कालवणाबरोबर सुनावलं होतं.

“काय हो सेऊ अनाक्लेतो, ती बोट खाली मानाउसला जाताना तेफेवरूनच जाते ना? मग धक्क्यावर उभं राहायचं की. ती आपणहून आली असती.”

“ती घरी आहे म्हणाली,” अनाक्लेतो म्हणाला.

“मग?”

“मग घरी जायला पाहिजे.”

देउझुइतानं त्याच्या ताटलीत माशाचं डोकं वाढलं. ते ती सहसा स्वतःसाठी ठेवते. “बरोबर आहे बाबा,” ती म्हणाली. “धक्क्यावर निरोप देतात. उत्तर द्यायचं तर माणसाच्या दारातच जावं लागतं. पण वेळेत जा म्हणजे झालं.”

तर गुरुवारी दुपारी, दाढ निघाल्यावर, आम्ही झुरुआत शिरलो. पाणी इतकं उतरलं होतं की काठ घरांसारखे उंच दिसत होते. सोसेगो आता कितव्या वळणावर आलं आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. नदीनं यंदा चार-पाच जुनी वळणं गिळून नवी घातली होती. अनाक्लेतो वर सुकाणूच्या खोलीत गेला. आम्हीही सहज म्हणून मागं गेलो, वीसेक जण.

“सेऊ ओस्मारिनो,” त्यानं विचारलं, “सोसेगो किती लांब?”

ओस्मारिनोनं हनुवटी वर केली, मान झोकात मागं नेली, डोळेही मिटले. पण ओठ होता तिथंच राहिला. डॉक्टरनं दिलेल्या इंजेक्शनानं तो बधिर झाला होता. हे ओस्मारिनोला कळलं नाही, कारण बधिर ओठ बधिर आहे हे त्या ओठालाच कळत नाही. आणि आम्ही मानेकडं कशाला बघतो? आम्ही ओठ बघतो. ओठ हलला नव्हता.

“म्हणजे आलंच!” मागून कोणीतरी म्हणालं.

मग काय विचारता. बायकांनी अनाक्लेतोला दाढी करायला गरम पाणी दिलं. एकीनं त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. नवे बूट घालून, केसांना तेल लावून, जोडझोळीचं गाठोडं छातीशी धरून तो दुपारी दोन वाजता बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, जाऊन उभा राहिला. तीन वाजले. चार वाजले. प्रत्येक वळणावर तो घसा खाकरायचा. देउझुइतानं जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाला, “आता तिकडंच.” सूर्य मावळेपर्यंत तो उभा होता. डास आले तेव्हा लोकांनी त्याला आत आणून बसवलं. शर्टावर तोवर दोन्ही काठांचे किडे चिकटले होते.

शुक्रवारी सकाळी ओस्मारिनोचा ओठ सुजला. सुजला म्हणजे काय, पिकलेलं केळं आडवं ठेवावं तसा दिसत होता. आणि पंचाईत ही झाली की तो नुसता उभा राहिला तरी, आमच्या भाषेत, ‘भरडा बांधून घ्या’ असं म्हणत होता. देउझुइतानं विचारलं, मिठाचा डबा कुठं ठेवलास, तर उत्तर आलं असं की डबा पेरू देशात आहे. डबा त्याच्या पायाशी होता.

अनाक्लेतोनं पुन्हा विचारलं. ओठ निघाला तो निघतच राहिला. बायकांनी उसासे सोडले. एक म्हातारी म्हणाली, “जाऊ द्या हो, नशिबात नव्हतं. माझी भाची आहे तेफेत.” अनाक्लेतोनं बूट काढले, शर्टाची घडी घातली आणि झोळीत जाऊन भिंतीकडं तोंड केलं. बोटीला भिंत नव्हती, तरी त्यानं ते केलं.

त्या वेळी प्रोफेसोर लिंदोमार पुढं झाला. हा गणिताचा मास्तर, वरच्या अंगाच्या शाळेत बदली होऊन चालला होता आणि दोन दिवस त्याला कोणी गणित विचारलं नव्हतं.

“हा प्रश्न सोपा आहे,” तो म्हणाला. “सूज वजा करा.”

“कशातून?” मी विचारलं.

“ओठातून. सेऊ एविलाझियो, तुम्ही एकतीस वर्षं बोललात, आता जरा ऐका. ओठ गप्प असताना किती, तो मोजू. बोलताना किती, तो मोजू. पहिला दुसऱ्यातून काढला की राहील ते अंतर.”

त्यानं पिशवीतून शाळेची लाकडी मोजपट्टी काढली. ओस्मारिनोचे दोन्ही हात चाकावर होते आणि नको म्हणायला तोंड नव्हतं. मोजपट्टी हनुवटीला टेकवली. गप्प ओठ चार सेंटिमीटर भरला. मग मास्तरनं विचारलं, “बर्फ उतरवायचं ते पुढचं गाव किती लांब?” ओठ साडेसहावर गेला.

“साडेसहा वजा चार, अडीच,” लिंदोमार म्हणाला. “बघू या अडीच म्हणजे किती वळणं.”

सगळी बोट वळणं मोजायला लागली. दहाव्या वळणावर बर्फाचं गाव आलं. “एका सेंटिमीटरला चार वळणं,” मास्तरनं जाहीर केलं आणि पट्टीवर पेन्सिलीनं खूण केली. पुढच्या गावाला त्यानं ‘सहा’ म्हटलं, सहाच निघाली. त्यानंतर बोटीवर लिंदोमारचा शब्द खाली पडू देईनात. देउझुइतानं त्याला माशाचं डोकं वाढलं. सोसेगो विचारलं की मागं गेलेली मान, मिटलेले डोळे आणि आठाला टेकणारा ओठ असं उत्तर येत होतं, पण मास्तरनं हिशेब करून सांगितलं की शनिवारी सकाळी पोचतो, काळजी नको. अनाक्लेतो झोळीतून उठला आणि त्यानं दोन ताटल्या खाल्ल्या.

शुक्रवारी संध्याकाळी देउझुइतानं ओस्मारिनोच्या ओठाला कोपाइबाचं तेल चोळलं. झाडाचं तेल, जालीम असतं. रात्रीत सूज उतरली. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण तेल लावलं की सूज उतरते हे सांगायची काय गोष्ट आहे.

शनिवारी सकाळी साडेसहाला ‘पासिएन्सिया’ वाळूत बसली. आवाजही झाला नाही. चालता चालता एखादा म्हातारा टेकतो तशी टेकली. इंजिन मागं, इंजिन पुढं, वासे लावून ढकलणं, सगळं झालं. ती ढिम्म.

सात वाजता एक होडीवाला वरच्या अंगाला जाता जाता जवळ आला. मागं छोटं इंजिन, पुढं जागा रिकामी.

“सेऊ अनाक्लेतो कोण त्यात?” त्यानं ओरडून विचारलं. तोही रेडिओ ऐकणारा निघाला. “चला, बसा. सोसेगोवरूनच जातोय. पण होडी गळते, बूट भिजतील.”

अनाक्लेतोनं गाठोड्याकडं बघितलं. मग बुटांकडं. मग वर ओस्मारिनोकडं. “सेऊ ओस्मारिनो, किती लांब?”

ओस्मारिनोनं ओठ पुढं काढला. नीट, व्यवस्थित, बावीस वर्षं काढायचा तसा. लिंदोमारनं पट्टी लावली.

“चार,” तो म्हणाला. “चार वजा चार, शून्य.”

“शून्य म्हणजे?” अनाक्लेतोनं विचारलं.

“शून्य म्हणजे पोचलोच. ह्या समोरच्या झाडामागं. अहो, चांगल्या कामाला जाताय, बूट कशाला भिजवता? तासाभरात बोट निघते. नाळेवर उभं राहून, कोरड्या शर्टात, शिट्टी वाजवत जा. बाईमाणसावर छाप पडते.”

“झाडामागं असेल तर मी हाका मारूनच सांगतो, येताय म्हणून,” होडीवाला म्हणाला आणि निघून गेला. त्यानं पुढं पंधरा वळणं हाका मारल्या असाव्यात.

अनाक्लेतोनं पुन्हा दाढी केली. पुन्हा शर्ट, पुन्हा तेल, पुन्हा नाळ. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. बोट हलली नाही. एक-दोघांनी सुचवलं की झाडामागंच आहे तर चालत जावं. ते काठावर चढून झाडामागं जाऊन आले. झाडामागं दुसरं झाड होतं.

“माझं गणित बरोबर आहे,” लिंदोमार म्हणाला. “गाव चुकलेलं असेल.”

बरोबर बारा वाजता ओस्मारिनो सुकाणूच्या खोलीतून खाली आला. त्यानं घड्याळ बघितलं, तोंडातून कापसाचा बोळा काढला, तो नदीत टाकला आणि म्हणाला:

“पंधरा वळणं.”

पासष्ट माणसं झोळ्यांतून उठून बसली. एक तर त्याचा आवाज बारीक होता, हे कोणाला माहीत नव्हतं.

“पण ओठ तर चार होता,” अनाक्लेतो म्हणाला.

“चारच. चार चोक सोळा. तुमचं गाव एक वळण अलीकडं आहे.”

“आणि सूज?”

“रात्री उतरली.”

लिंदोमारनं आपल्या पट्टीकडं बघितलं, जणू तिनं काहीतरी बोलावं. मग ती पिशवीत ठेवून दिली.

“अरे मेल्या, मग सकाळीच का नाही बोललास?” देउझुइता ओरडली. “सात वाजता होडीत बसला असता तर अकराला दारात असता!”

“डॉक्टरनं दोन दिवस सांगितले होते,” ओस्मारिनो म्हणाला. “आणि मी बोललोच की. ओठानं. तुम्ही वजाबाकी करत होता.” एवढं बोलून तो वर गेला. दुखावला होता. बावीस वर्षं ज्याचा ओठ नदीनं मानला, त्याच्या हनुवटीला मास्तरनं पट्टी लावली होती.

अनाक्लेतो नाळेवरून हलला नाही. बारा वाजले होते, म्हणजे पंधरा वळणं वर ती बोट निघाली होती.

“इथूनच जाणार ना ती?” मी म्हटलं. “भेट होईल.”

“दिसेल,” देउझुइता म्हणाली. “भेट कसली, रेडिओवाले? खाली जाणारी बोट प्रवाहावर असते. वाळूत बसलेल्याला बघून कोणी थांबत नाही, उलट जोरात जातं. आपण काय थांबतो?”

आम्ही कधी थांबलो नव्हतो.

तीन वाजता शिट्टी ऐकू आली आणि वरच्या वळणावरून ती बोट आली. मोठी, दुमजली, भरलेली. खालच्या मजल्यावर कठड्याशी पत्र्याच्या पेटीवर एक बाई बसली होती. शेजारी गोणपाटात बांधलेलं लांब काहीतरी उभं केलं होतं. अनाक्लेतोनं गाठोडं घट्ट धरलं. त्यानं हात वर केला नाही. मला वाटतं, वर करायचा असतो हे त्याला आठवलं नाही.

आता, समोरून येणारी बोट अडकलेल्या बोटीला पाणी कुठं खोल आहे ते विचारते, हा नदीचा धर्म आहे. त्यांच्या तांडेलानं खिडकीतून डोकं काढलं आणि भुवया उडवल्या. अशा वेळी खोटं सांगणं म्हणजे विहिरीत विष घालणं. आमच्याकडे त्यावरून घराणी तुटलेली आहेत. खोल पाणी उजव्या काठाला होतं, हे आम्ही सकाळपासून पाण्यात उतरून वासे लावून बघितलं होतं, पोरासोरांना माहीत होतं.

ओस्मारिनोनं खिडकीतून ओठ काढला. डाव्या काठाकडं.

त्यांच्या तांडेलानं तो बघितला. झुरुआवरचा सगळ्यांत खरा ओठ होता तो. त्यानं चाक डाव्या काठाकडं फिरवलं, आणि ती दुमजली बोट आमच्यापासून वीस हातांवर येऊन वाळूत टेकली. हिचा आवाज झाला. वरच्या मजल्यावरची दोन माणसं झोळीतून खाली पडली.

“ओस्मारिनो!” तिकडून तांडेल ओरडला. “हे काय रे?”

“दाढ काढली,” ओस्मारिनो म्हणाला. “ओठ अजून वाकडा आहे.”

देउझुइतानं माझ्याकडं बघितलं. मी नदीकडं बघितलं.

अनाक्लेतो पाण्यात उतरला. नवे बूट, पांढरा शर्ट, सगळं घेऊन. गाठोडं त्यानं डोक्यावर धरलं होतं. पाणी आधी गुडघ्याला, मग छातीला लागलं, मग परत कमरेला आलं. तो त्या पेटीवरच्या बाईच्या खाली जाऊन उभा राहिला. दोन्ही बोटींवरची माणसं त्या बाजूला सरकली. बोटी वाळूत होत्या म्हणून कलंडल्या नाहीत.

दोना इझोलिना साठीच्या अलीकडची, ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली होती. तिनं त्याला वरपासून कमरेपर्यंत पाहिलं. त्याखाली पाणी होतं.

“सेऊ अनाक्लेतो, बारा वाजून गेले.”

“हो, दोना इझोलिना. ओठामुळं झालं.”

“कोणाच्या?”

“ओस्मारिनोच्या.”

“असं. आणि तुमचे स्वतःचे ओठ? तीन वर्षं कुठं होते?”

वरच्या मजल्यावर कोणीतरी हसलं आणि त्याला कोणीतरी मारलं. अनाक्लेतोनं डोक्यावरचं गाठोडं ह्या हातातून त्या हातात घेतलं. घसा खाकरला. मी एकतीस वर्षं माइकपुढं बसलो आहे, गप्प बसलेला माणूस बोलणार आहे की नाही ते मला पाठीवरून कळतं. ह्या वेळी कळेना.

“इंजिनाचा तो स्क्रू,” तो म्हणाला, “तुम्हीच सैल करत होता. मला पहिल्या वर्षीच समजलं. त्यावर नखाची खूण होती.”

इझोलिनानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर पुढच्या वर्षी तुम्ही तो सैल केला नसता.”

दोन्ही बोटी अडकलेल्या. पाणी तेवढं मधून वाहत होतं, त्याला शनिवार-रविवार काही नसतं.

“त्या गाठोड्यात काय आहे?” तिनं विचारलं. नदीवर ते माहीत नसलेली ती एकटीच होती.

“झोळी.”

“तुमची?”

“रुंद आहे,” अनाक्लेतो म्हणाला.

तिनं त्या गाठोड्याची रुंदी नजरेनं मोजली. मग उठली, आणि शेजारचं गोणपाट तिनं कठड्यावरून त्याच्या अंगावर कलतं केलं. आत लांब दांड्याचं इंजिन होतं. मानाउसला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीकडं ती होडीचं इंजिन घेऊन चालली होती.

“धरा,” ती म्हणाली. “बिघडलंय.”

एका हातानं गाठोडं सांभाळत अनाक्लेतोनं दुसऱ्या हातानं गोणपाट बाजूला केलं. बोटानं चाचपलं. “स्क्रू सैल नाही,” तो म्हणाला. “स्क्रूच नाहीये.”

“नाहीये खरा,” इझोलिना म्हणाली. तिनं मूठ उघडली नाही, पण बोट वाळूवर टेकली त्याच्याही आधीपासून ती मूठ मिटलेलीच होती, असं तिच्या शेजारचे प्रवासी नंतर शपथेवर सांगत होते. “घरी बसून बघावं लागेल. पेटी उतरवून घ्या कोणीतरी. जड आहे.”

पेटी उतरवायला चौदा माणसं उतरली. मास्तर लिंदोमार सगळ्यांत पुढं होता. तो गळ्यापर्यंत बुडाला, कारण खोली त्यानं अंदाजानं काढली होती.

‘पासिएन्सिया’वर आल्यावर इझोलिनानं आधी देउझुइताकडून कोरडं फडकं मागून घेतलं आणि अनाक्लेतोचं डोकं खसाखसा पुसलं. मग आवाजावरून तिनं मला ओळखलं.

“तुम्ही ते रेडिओवाले ना? ‘ऐकताय ना’ म्हणणारे?”

“निवृत्त झालो, बाई.”

“असू दे. तेफेला परत गेलात की एक निरोप द्या. मानाउसला माझ्या मुलीला. सांगा, इंजिन बिघडलंय, म्हणून आई येत नाही. दुरुस्तीला वेळ लागेल.”

मी सवयीनं खिशातून पेन्सिल काढली. निरोप नेमका असावा लागतो, तीनदा वाचायचा असतो.

“साधारण किती वेळ लागेल म्हणून लिहू?”

दोना इझोलिनानं अनाक्लेतोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हातात फडकं होतं, मुठीत स्क्रू होता. तिनं खालचा ओठ पुढं काढला. तो आला, आणखी आला, मग डोळे मिटले आणि मान हळूहळू मागं गेली.

लिंदोमारचा हात पिशवीकडं गेला. देउझुइतानं त्यावर पळी मारली.